पहिल्या पानाच्या वरची जागा

जुबैलचा कॅम्प, ब्लॉक सी, खोली एकशे अठरा.
मी टाइमकीपर. जुन्या टाइमशीटांच्या कोऱ्या पाठीवर
त्या बंद पडलेल्या मालिकेचं पुढचं लिहितो.
दोनशे बाराव्या भागात ती थांबली
तेव्हा हेमांगी एक पाय होडीत,
एक धक्क्यावर ठेवून उभी होती.
कुणीतरी तिला हलवायला हवं होतं.

पानं खोल्याखोल्यांतून फिरतात,
पण हातात घेण्याआधी
प्रत्येकाला काहीतरी विचारायचं असतंच.

"पुरी झालीय ना?" मुजफ्फर पेवेकर, दारातूनच.
माझ्याआधी लिहिणाऱ्या वेल्डर तांडेलनं
नायकाला तुरुंगात टाकलं
आणि स्वतः फायनल एक्झिटवर निघून गेला.
नायक अजून आत आहे.
हो, पुरी आहे, म्हणालो. तेव्हा नव्हती.
मुजफ्फर अठ्ठाविसाव्या पानावर होता
तेव्हा मी एकतिसावं लिहीत होतो.

"किती दिवसांची?"
साइटची बस पन्नास मिनिटं,
परतताना डोळा लागतो, म्हणून एकच बाजू धरायची.
आठ दिवस, मी सांगतो.
शमाल सुटून बस रखडली तर सहा.

"शेवटी ती कुणाची?"
हे दत्ताराम मयेकरला आधी कळायलाच हवं.
इनास असेल तर घेतो,
तो वकील असेल तर तुझी तुला लखलाभ.
याच प्रश्नावरून खोली एकशे वीसमध्ये
दोघं चार दिवस वेगळे जेवले.

खानसामा रज्जाक: "जेवणाचं वर्णन आहे?"
रोजे चालू होते.
सहाव्या पानावर तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं.
म्हणाला, मग मगरिबनंतर दे.

नेपाळचा तुलबहादूर,
लिपी ओळखीची म्हणून बघता बघता मराठी शिकला,
"मालिका बघितली नाही, चालेल?"
त्याच्यासाठी अर्धं पान मागचं लिहिलं:
कोण कुणाचा भाऊ, होडी कुणाची,
बहिणीच्या बांगड्या कुणी विकल्या.
वाचून म्हणाला, बस, गोष्ट कळली.
उरलेली एकतीस त्याला घ्यायला लावावी लागली.

मग मी पहिल्या पानावर चौकट आखू लागलो.
पूर्ण. पानं एकतीस. इनास. पान सहा, जेवण.
साइटच्या फाटकावर असते तशी पाटी:
हेल्मेट, बूट, हातमोजे, पुढे खोल खड्डा.

एजंटानं मला पहिल्या पानावर
फक्त पगार सांगितला होता.
तोही पुढे बदलला.

बशीर वसगरेनं चौकट दोनदा वाचली.
"मरणाचं लिहिलं नाहीस."
ते आधी सांगितलं तर मजा काय?
"मजा राहू दे. बाप मरतो का?"
गेल्या जूनमध्ये गावी त्याच्या बापाला माती दिली
तेव्हा हा मचाणावर होता, फोन लॉकरमध्ये.
मी पेन काढलं.
पान चौदा, हेमांगीचे वडील. झोपेत. त्रास नाही.
'त्रास नाही' हे तिथल्या तिथे ठरलं.
लिहिलेला बराच होता, रात्री बसून काढला.

त्यानं तेरा पानं नेली.
पाचव्या दिवशी सुतळी बांधून परत केली.
कशी वाटली, मी विचारलं नाही.

ईद झाली. मयेकर सुट्टीवर गेला, आला.
एका शुक्रवारी मी कपडे वाळत घालत होतो,
दोरीपलीकडून, ओल्या चादरीआडून बशीर:
"चौदावं आहे का रे तुझ्याकडे?"
आत जाऊन आणलं.
त्यानं लुंगीला हात पुसले, पान घेतलं,
उघडलं नाही.
"पंधराव्यात काय होतं?"
सकाळ, मी म्हणालो. शेजारीण चहा घेऊन येते.
साखर विसरते.
"बरं," म्हणाला. "तेही दे."